लाहोरचा मारवा, नागपूरचा गळा

नागपूरच्या संगीताविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात संगीत विद्यालये येतात, गणेशोत्सवातले जलसे येतात, ताजबागेतल्या कव्वाल्याही येतात. येत नाही तो ऐकणाऱ्यांचा इतिहास. आम्ही गाणारे नव्हेत. तानसेन होता आले नाही तर निदान कानसेन व्हावे, या म्हणीच्या आधाराने आयुष्यभर ऐकत आलेली आमच्यासारखी माणसे या शहराच्या सर्व मोहल्ल्यांत आहेत. प्रस्तुत लेख त्या कानांच्या आधाराने लिहिला आहे. विषय एकच आहे. मारवा नावाचा एक राग, त्याची दोन ध्वनिमुद्रणे, आणि त्यांपैकी एकामागे उभे असलेले, जवळपास विसरले गेलेले एक नाव.

आमचे अब्बा मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते. त्यांनी सीताबर्डीच्या एका दुकानातून जुना रेकॉर्ड प्लेअर घेतला होता आणि त्यासोबत मोजून सात रेकॉर्डी. त्यांत एक लाँगप्लेइंग होती उस्ताद अमीर खाँसाहेबांची. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. अब्बा पाचच्या सुमारास घरी येत, हातपाय धूत, चहा घेत आणि मग मारव्याची बाजू लावत. हिवाळ्यात नागपूरला साडेपाचलाच दिवस बुडतो. खाँसाहेबांचा विलंबित ख्याल कुठे पसरू लागला की मोमिनपुऱ्याच्या मशिदीतून मगरिबची अजान येई आणि दादी आतून म्हणे, ‘सुई उठाओ, अजान हो रही है.’ अब्बा सुई उचलून ठेवत. नमाजनंतर आम्ही पुन्हा रेकॉर्ड लावायला सांगितली तर म्हणत, ‘आता वेळ गेली त्याची. रात्री दरबारी ऐकू.’ परिणाम असा झाला की दरबारी आम्हाला पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत पाठ आणि मारवा मात्र अर्धाच ठाऊक. त्या बाजूला शेवटी एक द्रुत चीजही आहे, हे आम्हाला कित्येक वर्षे कळलेच नाही.

घरात गाणेबजावणे असावे की नसावे यावर आमच्या मोठ्या चाचांचे आणि अब्बांचे मतभेद होते, हे लपवण्याचे कारण नाही. तसे मतभेद पुष्कळ घरांत होते आणि आहेत. चाचा म्हणत, हे आपले काम नव्हे. अब्बा उत्तर म्हणून फक्त रेकॉर्डच्या पाकिटावरचे नाव त्यांच्यापुढे धरत. वाद तिथेच थांबे, मिटत नसे.

मारवा म्हणजे काय, हे संगीत न शिकलेल्या वाचकासाठी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. यात ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, गंधार, धैवत आणि निषाद शुद्ध. पंचम मुळीच नाही. इतपर्यंत हिशेब सोपा आहे. गंमत षड्जाची आहे. ‘सा’ म्हणजे गाण्याचे घर. प्रत्येक राग फिरून फिरून तिथे येतो आणि श्वास घेतो. मारव्यात गवई घराच्या दारावरून जातो आणि आत शिरत नाही. निषादावरून थेट ऋषभावर, ऋषभावरून पुन्हा खाली निषादावर, धैवतावर. मागे तंबोरा ‘सा’ ऐकवत असतो, त्याची पहिली तारही पंचमाऐवजी बहुधा निषादात लावलेली असते, आणि गळा त्या ‘सा’ला चुकवत राहतो. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत हे या रागाचे दोन खांब आहेत, आणि दोन्ही खांब घराबाहेर रोवलेले. ऐकणाऱ्याला अस्वस्थ वाटते ते यामुळेच. दिवस संपला आहे, रात्र सुरू झालेली नाही, अशा वेळचा हा राग आहे.

पंडित भातखंड्यांनी ज्या दहा थाटांत हिंदुस्थानी राग बसवले त्यांतल्या एका थाटाला मारव्याचे नाव आहे. म्हणजे शास्त्रात मान मोठा. पण मैफलीत? यमन दहा वेळा ऐकाल, पूरिया धनाश्री पाच वेळा, तेव्हा एखादा मारवा. संगीताचे विद्यार्थी तो परीक्षेपुरता शिकतात आणि प्रमाणपत्र हाती आले की विसरतात. याची कारणे उघड आहेत. एक तर याला लोकप्रिय होण्याची कला अवगत नाही. यात ठुमरीचा लाडिकपणा बसत नाही आणि गुणगुणायला घ्यावा तर गळा ‘सा’वर जाऊन बसतो आणि राग मोडतो. दुसरे कारण अगदीच व्यवहाराचे आहे. संध्याकाळचा कार्यक्रम सहाचा म्हणून सातला सुरू होतो, त्याआधी दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग सत्काराला उत्तर. गवई तंबोरे जुळवून बसेपर्यंत मारव्याची वेळ केव्हाच टळलेली असते. या रागावर सर्वांत जास्त अन्याय हारतुऱ्यांनी केला आहे, असे आमचे मत आहे. म्हणूनच मारवा हा आमच्या पिढीपर्यंत मुख्यतः रेडिओवरून आणि तबकडीवरून आला.

अमीर खाँसाहेबांची ती लाँगप्लेइंग रेकॉर्ड 1960 च्या सुमाराची. त्यापूर्वीच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटे मिळत. त्यात मारव्यासारखा राग म्हणजे पत्राऐवजी तार. लाँगप्लेइंगने एका बाजूला वीस-बावीस मिनिटे दिली आणि अमीर खाँसाहेबांच्या गायकीला नेमकी तीच हवी होती. 1912 साली जन्मलेले खाँसाहेब वाढले इंदूरला. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगीवादक. भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ, किराण्याचे अब्दुल वहीद खाँ आणि देवासचे रजब अली खाँ या तिघांचे संस्कार पचवून त्यांनी स्वतःची वाट काढली. चौदा मात्रांचा झुमरा, तोही अतिविलंबित, आणि त्यात स्वरांच्या एकेका गटाची उलटापालट करून पाहण्याची मेरुखंडाची रीत.

या मारव्यात खाँसाहेब घाई करीत नाहीत. खर्जातल्या धैवतावर आवाज टेकवतात आणि तिथेच थांबतात. वाटते आता वर येतील. येतात ते निषादाला स्पर्श करून ऋषभापर्यंत, आणि पुन्हा खाली. षड्ज लागतो तेव्हा तो इतका हलका, इतका उशिरा लागतो की लागला की नाही असा संशय यावा. आम्ही हे ऐकताना नेहमी एखाद्या वृद्ध माणसाची आठवण करतो, जो ओट्यावर बसून अंधार पडताना पाहतो आणि दिवा लावायला उठत नाही. दुःख आहे, पण तक्रार नाही. तबलाही इतका बेताचा की ठेक्याव्यतिरिक्त एक अक्षर बोलत नाही. आवाजाला जाहिरात ठाऊक नसलेल्या गवयांत अमीर खाँसाहेब पहिले, आणि मारवा हा त्यांच्या स्वभावाचाच राग, असे म्हणावेसे वाटते. 13 फेब्रुवारी 1974 रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात ते गेले. ही तबकडी पुढे कॅसेट झाली, सीडी झाली, आता फोनवर मिळते. ती हरवण्याची भीती नाही.

दुसऱ्या मारव्याची कथा वेगळी आहे आणि तिचा एक धागा आमच्या शहरात आहे.

वसंतराव देशपांडे यांचा जन्म 2 मे 1920 चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. आईने त्यांना एकटीने, नागपुरात वाढवले. येथे शंकरराव सप्रे गुरुजींच्या श्रीराम संगीत विद्यालयात त्यांचे पहिले शिक्षण झाले. भालजी पेंढारकरांनी 1935 च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात या मुलाला कृष्णाची भूमिका दिली. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचा मुक्काम लाहोरचा. फाळणीपूर्वीचे लाहोर म्हणजे गाण्याचे मोठे ठाणे. पंडित विष्णु दिगंबरांनी आपले गांधर्व महाविद्यालय 1901 साली प्रथम उघडले तेही तिथेच. कोवळ्या वयात वसंतराव मामांकडे तिथे गेले आणि त्यांना भेटले उस्ताद असद अली खाँ. फकिरी वृत्तीचे गवई. वसंतरावांच्या आठवणींत आणि त्यांच्या घराण्यात सांगितले जाते ते असे की, उस्तादांनी या मराठी पोराला काही महिने फक्त एक राग शिकवला, मारवा. दुसरा राग मागितला तर उत्तर एकच: हा नीट आला की बाकीचे राग तुझे तुला येतील. आणि एक दिवस शिकवणी संपल्याचे सांगून टाकले.

या कथेवर कोणी शंका घेतली तर आमची हरकत नाही. उस्तादांच्या गोष्टींना कल्हई करण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु ज्याने वसंतरावांचा मारवा ऐकला आहे, त्याला पुराव्याची गरज फारशी उरत नाही. त्यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे आधी रिळांवर, मग कॅसेटवर रसिकांत हातोहात फिरत. आम्ही पहिल्यांदा ऐकली ती 90 मिनिटांच्या एका कॅसेटवर, शेजारच्या एका प्राध्यापकांकडे, कॉपीची कॉपी. मागे कुणाचा तरी खोकला, मध्येच पेल्याचा आवाज. आणि त्या सगळ्यातून आलेला तो पहिला ऋषभ. अमीर खाँसाहेब जिथे टेकतात तिथे वसंतराव झेपावतात. ऋषभावर थांबणे नाही. त्याला धक्का देऊन सरळ तीव्र मध्यमावर, तिथून धैवतावर, आणि तिथून अशी वाकडी, अनपेक्षित वाट धरून खाली की समेवर आल्यावर श्रोत्यांच्या तोंडून आपोआप ‘अरे!’ निघावे. ‘सा’ चुकवणे हे अमीर खाँसाहेबांकडे विरक्तीसारखे वाटते. वसंतरावांकडे तो झगडा आहे. घर समोर दिसते आहे आणि आत जायचे नाही, असे कुणीतरी बजावले आहे, आणि हा माणूस दारावर थापा मारतो आहे.

दोघांत श्रेष्ठ कोण, असा प्रश्न आम्हाला तरुण मुले विचारतात. आमचे उत्तर वर्षांगणिक बदलत आले आहे. तरुणपणी वसंतरावांचा मारवा ऐकून आम्हाला खाँसाहेबांचा संथ वाटू लागला होता. अब्बांना तसे बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘अजून तुझी संध्याकाळ झाली नाही.’ आज ध्वनिमुद्रण म्हणून विचाराल तर खाँसाहेबांची तबकडी. तिच्यात एक स्वर इकडचा तिकडे करता येणार नाही. पण संकटात, रागात, कुणी आपले सोडून गेल्यावर आमचा हात कॅसेटकडे जातो. तिच्यात चुकाही आहेत, एखादी तान विस्कटते, आवाज फाटतो. फाटलेल्या त्या आवाजातच आम्हाला मारवा जास्त सापडतो.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. वरवर इतके निराळे वाटणारे हे दोन गवई आतून एकमेकांचे नातलग आहेत. अमीर खाँसाहेबांवर अमान अली खाँसाहेबांचा संस्कार. वसंतरावांनीही अमान अली खाँसाहेबांकडे शिक्षण घेतले. अमीर खाँसाहेबांनी किराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे गाणे आत्मसात केले. वसंतराव किराण्याचे शिकले ते सुरेशबाबू मान्यांकडून, आणि सुरेशबाबू म्हणजे मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे थोरले चिरंजीव, मूळ नाव अब्दुल रहमान. आईवडील विभक्त झाल्यावर मुलांनी आईकडचे माने नाव घेतले. अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या नागपूरच्या ताजुद्दीनबाबांचे भक्त होते आणि त्यांच्यापुढे गायले होते, ही आठवण अजूनही येथे सांगितली जाते. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू होणे, सुरेशबाबूंचे गाणे वसंत देशपांड्यांच्या गळ्यात जाणे, आणि पु. ल. देशपांड्यांनी आपल्या या मित्राला प्रेमाने ‘वसंतखाँ’ म्हणणे, या सगळ्याला कोणत्या धर्माचा इतिहास म्हणावे? आमच्याकडे याचे तयार उत्तर नाही. वसंतराव स्वतः म्हणत की त्यांचे घराणे त्यांच्यापासूनच सुरू होते. तो त्यांचा बाणा होता आणि त्यांना शोभला. पण आपण गुरूंची यादी लिहायला बसलो तर तिच्यातली काही नावे खाँ या शब्दाने संपतात.

त्या यादीतले सर्वांत अंधुक नाव असद अली खाँ यांचे. अमीर खाँसाहेबांची रेकॉर्ड निघाली, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डी तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून निघाल्या. लाहोरच्या या उस्तादांचा आवाज मात्र आमच्या कानी कधी पडला नाही. 1947 साली लाहोर पलीकडे गेले. इकडचा शागीर्द आणि तिकडचा उस्ताद यांच्यामध्ये सरहद्द आली. वसंतराव पुण्याला लष्करी हिशेब खात्यात आकडे मांडत राहिले आणि रात्री मारवा गात राहिले. आमच्या समाजाचा इतिहास लिहिताना आम्ही बादशहा, सुफी, शायर यांची नावे गोळा करतो. ज्याची तबकडी नाही, कबरीचा पत्ता नाही, पुस्तकात दोन ओळींपलीकडे उल्लेख नाही, अशा माणसाचे काय करायचे? त्या फाटक्या कॅसेटमध्ये वसंतराव ऋषभाला धक्का देतात तेव्हा तो धक्का कुणी शिकवला, हे आम्ही स्वतःला विचारतो. त्या क्षणी खोलीत दोघे गात असतात, असे आम्हाला वाटते. हा भास म्हणा. पण असद अली खाँसाहेबांचे दुसरे ध्वनिमुद्रण आमच्यापाशी नाही.

थोडे विषयांतर करून ‘कट्यार काळजात घुसली’विषयी दोन शब्द लिहावेच लागतील. हे नाटक लिहिले आमच्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे, आणि 1967 च्या डिसेंबरात नाट्यसंपदेने ते रंगभूमीवर आणले. वसंतराव त्यात खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झाले. मराठी रंगभूमीवर मुसलमान पात्र म्हणजे पहारेकरी, सरदार नाही तर खलनायक, अशी सवय झालेल्या आमच्या वडिलधाऱ्यांनी त्यात पहिल्यांदा एक असा खाँसाहेब पाहिला, ज्याचा गुन्हाही गाण्याचा होता आणि प्रायश्चित्तही गाण्याचे. तो अहंकारी होता, पण हलका नव्हता. नोकरीतला मराठी माणूस इतका अस्सल उस्ताद कसा झाला, याचे लोकांना नवल वाटे. आम्हाला वाटत नाही. लाहोरच्या त्या ओसरीवर ज्याने काही महिने बसून एका उस्तादाची बोलण्याची, गप्प राहण्याची, रागावण्याची ढब पाहिली असेल, त्याला तालमीत वेगळे काय शिकायचे होते? हा आमचा अंदाज आहे, पुरावा नव्हे. 2015 च्या चित्रपटात हा खाँसाहेब अधिक काळा रंगवला गेला, याची खंत आम्ही लपवत नाही. गाणी मात्र त्यातलीही पुन्हा पुन्हा ऐकतो.

तिसरा मारवा अलीकडचा. 2022 च्या एप्रिलमध्ये ‘मी वसंतराव’ हा निपुण धर्माधिकारी यांचा चित्रपट आला. आजोबांची भूमिका नातू राहुल देशपांडे यांनी केली, गायलेही तेच, आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात कुमुद मिश्रांनी लाहोरचे उस्ताद उभे केले आहेत. चित्रपटगृहात असद अली खाँ हे नाव मोठ्याने उच्चारले गेले तेव्हा आमच्या अंगावर शहारा आला. शेजारी बसलेल्या कुटुंबातल्या मुलीने आईला हळूच विचारले, ‘हे खरेच होते का?’ आईने मान हलवली. हो म्हणून की माहीत नाही म्हणून, ते अंधारात कळले नाही. त्यातला मारवा स्वच्छ आहे, तयारीचा आहे. खोकला नाही, पेल्याचा आवाज नाही. नातवाने आजोबांची नक्कल केली नाही, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. तिथे त्यांच्या स्मृतीचा संगीत समारोह होतो आणि आम्ही शक्यतो चुकवत नाही. आत शिरण्यापूर्वी आम्ही पश्चिमेकडे एकदा पाहून घेतो. आजवर तरी तिथे वेळेवर मारवा ऐकायला मिळालेला नाही. सत्कार मात्र वेळेवर होतात.

अब्बा 2009 साली गेले. चाळिसावा झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही कपाटातून ती रेकॉर्ड काढली. थोरले चाचाही त्या दिवशी घरी होते, आता पुष्कळ थकलेले. आम्ही मुद्दाम वेळेचा हिशेब करून, दिवस बुडायच्या अर्धा तास आधी सुई टेकवली. विलंबित संपले, द्रुत सुरू झाले, जे आम्ही त्या घरात, त्या प्लेअरवर कधी ऐकले नव्हते. चाचा काही बोलले नाहीत. तसबीह फिरवणारी त्यांची बोटे मात्र मध्येच थांबली होती. शेवटी खाँसाहेब ‘सा’वर आले आणि सुई आतल्या खाचेत खरखरत फिरू लागली. अजानीला अजून पाच मिनिटे होती. चाचांनी विचारले, ‘संपले?’ आम्ही हो म्हणालो. ते म्हणाले, ‘मग दुसरी बाजू रात्री लाव,’ आणि वजूसाठी उठले.